आंतोन चेकॉव्ह : कथा लिहिणारा आणि खोडणारा

१८९९ हे वर्ष आंतोन पाव्हलोविच चेकॉव्हच्या आयुष्यात निर्णायक ठरले. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसातून झालेल्या रक्तस्रावाने त्याच्या क्षयाचे निदान पक्के केले होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मॉस्कोकडची थंडी सोडून काळ्या समुद्राच्या काठी, याल्टा येथे बिऱ्हाड हलविणे त्याला भाग पडले होते. याच वर्षाच्या आरंभी सेंट पीटर्सबर्गचे प्रकाशक मार्क्स यांच्याशी त्याने करार केला. आजवर लिहिलेले आणि पुढे लिहिले जाणारे सारे साहित्य प्रकाशित करण्याचे हक्क त्याने ७५,००० रूबलना देऊन टाकले. नाटकांच्या प्रयोगांचे उत्पन्न तेवढे स्वतःकडे ठेवले. याल्टाचे घर बांधून व्हावयाचे होते, आई आणि बहीण यांची तरतूद करावयाची होती आणि आपल्या हाती फार वर्षे नाहीत हे स्वतः डॉक्टर असलेल्या या लेखकाला इतरांहून अधिक ठाऊक होते. वाटाघाटी चालू असताना, आपण ऐंशी वर्षांपलीकडे जगणार नाही असे वचन देतो, असेही त्याने विनोदाने कळविले होते.

करारात एक कलम असे होते की, पूर्वी छापून आलेला सर्व मजकूर लेखकाने स्वतः गोळा करून द्यावा. अडचण येथेच होती. चेकॉव्हने आपल्या लेखनाची कात्रणे जपून ठेवली नव्हती. त्याच्या कथा गेल्या वीस वर्षांतील विनोदी साप्ताहिकांत आणि दैनिकांत, नाना टोपणनावांखाली विखुरलेल्या होत्या. अखेर पीटर्सबर्गमध्ये राहणारा थोरला भाऊ अलेक्सांद्र आणि लेखिका लिदिया अविलोवा यांच्यामार्फत जुन्या अंकांतील कथा शोधून त्यांच्या हस्तलिखित नकला करवून घेण्यात आल्या. त्या नकला येऊ लागल्या, आणि एकोणचाळीस वर्षांचा चेकॉव्ह आपल्याच विशीतल्या लेखनाचा परीक्षक होऊन बसला. कित्येक कथा त्याने बाजूला टाकल्या. ज्या ठेवल्या त्यांतल्या अनेक त्याने नव्याने लिहून काढल्या. प्रकृती ढासळलेली, नव्या कथांची टिपणे वहीत वाट पाहत असलेली, आणि अशा वेळी हा माणूस जुन्या, विसरलेल्या कथांतील शब्द खोडण्यात दिवस घालवीत होता. त्याचे हे वागणे समजून घ्यावयाचे तर त्याच्या लेखनाच्या आरंभाकडे वळले पाहिजे.

चेकॉव्हचा जन्म १८६० च्या जानेवारीत अझोव्ह समुद्रावरील टॅगनरॉग या बंदराच्या गावी झाला. आजोबा भूदास होते. त्यांनी पै पै साठवून १८४१ मध्ये स्वतःचे व कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. वडील पाव्हेल यांचे किराणा मालाचे दुकान होते. त्यांची शिस्त कडक, देवधर्म कडक आणि मारही कडक. शाळा, दुकानाचा गल्ला आणि चर्चमधील गायन यांत मुलांचे बालपण संपून जाई. १८७६ मध्ये वडिलांचे दिवाळे निघाले आणि देणेकऱ्यांच्या भीतीने ते मॉस्कोला पळून गेले. मागोमाग कुटुंबही गेले. सोळा वर्षांचा आंतोन मात्र शिक्षण पुरे करण्यासाठी टॅगनरॉगमध्येच मागे राहिला. ज्या घरात तो वाढला त्याच घरात, आता परक्याच्या झालेल्या छपराखाली, शिकवण्या करून त्याने तीन वर्षे काढली आणि जमेल तसे पैसेही घरी धाडले. त्या एकाकी काळात गावातील सार्वजनिक ग्रंथालय हा त्याचा मोठा आधार होता. हे ग्रंथालय १८७६ मध्येच उघडले होते.

१८७९ मध्ये तो मॉस्कोला आला आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात दाखल झाला. घरात खाणारी तोंडे अनेक, मिळवते हात थोडे. १८८० च्या मार्चमध्ये पीटर्सबर्गच्या 'स्त्रेकोझा' या विनोदी साप्ताहिकात त्याचा पहिला मजकूर छापून आला आणि तेव्हापासून लेखणी हे घर चालविण्याचे साधन झाले. 'अंतोशा चेखोन्ते' हे त्याचे सर्वांत गाजलेले टोपणनाव. १८८२ पासून निकोलाय लेयकिन यांच्या 'अस्कोल्की' या साप्ताहिकासाठी तो नियमित लिहू लागला. ओळीला आठ कोपेक असा दर होता आणि मजकूर शंभर ओळींच्या आसपास बसला पाहिजे असा संपादकांचा दंडक होता. वर सरकारी सेन्सॉर होताच. दाटीवाटीच्या बिऱ्हाडात, शेजारच्या खोलीतील गडबड कानांवर घेत, वैद्यकाच्या परीक्षांच्या मधल्या वेळात तो कथा लिहीत असे. एकेका कथेस एक दिवसाहून अधिक वेळ दिल्याचे आपल्याला आठवत नाही, अशी कबुली त्याने पुढे स्वतःच दिली आहे.

या शंभर ओळींच्या जाचाने त्याचे नुकसान केले आणि भलेही केले. नुकसान असे की, पोटासाठी लिहिलेल्या पुष्कळ मजकुरात उथळ कोट्या आणि ओढूनताणून हसविणारी नावे शिरली. भले असे की, पाल्हाळाला तेथे जागाच नव्हती. पात्राची वंशावळ, ऋतुवर्णन, लेखकाचा उपदेश हे सारे गळून पडले. एक प्रसंग, दोन माणसे आणि त्यांचे बोलणे एवढ्यावर कथा उभी करण्याची सवय लागली. 'कारकुनाचा मृत्यू' (१८८३) आणि 'सरडा' (१८८४) या कथा याच शिस्तीतून निघाल्या.

१८८४ मध्ये तो पदवी घेऊन डॉक्टर झाला. १८८५ मध्ये 'पीटर्सबर्ग्स्काया गझेता' या दैनिकात आलेली 'शिकारी' ही कथा ज्येष्ठ कादंबरीकार द्मित्री ग्रिगोरोविच यांच्या वाचनात आली. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांनी या अनोळखी तरुणाला पत्र लिहिले. त्याच्या गुणांची मनापासून तारीफ करून, घाईने लिहिणे सोडावे, प्रसंगी उपाशी राहावे पण आपल्या देणगीचा मान राखावा, असे त्यांनी बजावले. या पत्राने चेकॉव्ह हादरून गेला. आपल्या अंगी काही आहे याची जाणीव मनात कुठेतरी होती, पण ती क्षुद्र मानण्याची सवय लागली होती, अशा आशयाचे लांब उत्तर त्याने लिहिले. त्याच वर्षी तो अलेक्सेय सुव्होरिन यांच्या 'नोव्होये व्रेम्या' या मोठ्या दैनिकात खऱ्या नावाने लिहू लागला. मुलाच्या मृत्यूचे दुःख ऐकायला कोणी न मिळाल्याने अखेर आपल्या घोड्यापाशी मन मोकळे करणारा गाडीवान आणि आजोबांना पत्र लिहून त्यावर अपुरा पत्ता घालणारा पोरका वान्का, हे दोघेही १८८६ चेच.

त्याच्या लेखनाची पद्धत पालटली कशी, याचा पुरावा याच वर्षीच्या एका जुन्या कथेत सापडतो. 'लठ्ठ आणि लुकडा' ही कथा प्रथम १८८३ मध्ये 'अस्कोल्की'त आली. रेल्वे स्टेशनावर दोन बालमित्र अकस्मात भेटतात, हर्षाने मिठ्या मारतात. गप्पांच्या ओघात कळते की, लठ्ठ मित्र फार मोठ्या हुद्द्यावर पोचला आहे. पहिल्या खर्ड्यात हा लठ्ठ मित्र म्हणजे लुकड्याचा नवा वरिष्ठ अधिकारीच निघतो आणि त्याला दरडावतोही. लुकडा घाबरतो, यात नवल काहीच नव्हते. कोणताही कारकून साहेबापुढे घाबरेल. १८८६ मध्ये 'रंगीबेरंगी कथा' या संग्रहासाठी ती कथा घेताना चेकॉव्हने वरिष्ठपणाचा हा धागा काढून टाकला. आता लठ्ठ मित्राच्या हातात लुकड्याचे काही नाही. तो रागावत नाही, उलट जुन्या मैत्रीने बोलावे अशी विनवणी करतो. तरीही लुकडा आक्रसतो, वाकतो, लाचार हसतो. त्याच्याबरोबर बायको, मुलगा आणि सामानसुद्धा आक्रसते. अगदी थोडी वाक्ये बदलली, पण साहेबाच्या दरडावणीची कथा माणसाच्या अंगात मुरलेल्या गुलामीची कथा झाली. भूदासाच्या नातवाला ही लाचारी कोठून येते हे चांगले माहीत होते.

१८८७ च्या 'संधिप्रकाशात' या संग्रहाला १८८८ मध्ये विज्ञान अकादमीचे पुश्किन पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी 'स्तेप' ही दीर्घकथा एका प्रतिष्ठित मासिकात आली आणि शंभर ओळींचा लेखक मोठ्या लेखकांच्या पंक्तीत बसला. पुढची वर्षे विलक्षण धावपळीची होती. १८९० मध्ये सैबेरिया ओलांडून तो साखालिन बेटावरील कैद्यांच्या वसाहतीत गेला आणि तेथील रहिवाशांची सुमारे दहा हजार नोंदपत्रे त्याने भरली. १८९२ मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो येथे जमीन घेऊन तो राहिला. पटकीच्या साथीत पंचवीस खेड्यांची जबाबदारी मोबदला न घेता सांभाळली, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा बांधल्या. 'वॉर्ड नंबर सहा' (१८९२) आणि 'शेतकरी' (१८९७) या कथांमागे हा अनुभव उभा आहे. आपल्या लेखनावर वैद्यकाचा मोठा परिणाम झाल्याचे तो सांगत असे. रोग्यापाशी बसून रडणारा डॉक्टर निरुपयोगी, तसाच पात्रापाशी बसून रडणारा लेखकही. दुःख चितारताना लेखकाने अधिक थंड राहावे, असा सल्ला त्याने अविलोवाला दिला होता.

लेखनाविषयी त्याने ग्रंथ असा लिहिला नाही. जे सांगितले ते पत्रांतून, आणि बहुधा वगळण्याविषयीच. १८८६ मध्ये भाऊ अलेक्सांद्रला त्याने समजावले की, चांदण्या रात्रीचे वर्णन करावयाचे तर बंधाऱ्यावर चमकणारा फुटक्या बाटलीचा तुकडा पुरेसा आहे; दहा वर्षांनी आलेल्या 'सीगल' नाटकातील तरुण लेखक हेच उदाहरण हेव्याने आठवतो. गॉर्कीला त्याने विशेषणे छाटावयास सांगितले. माणूस गवतावर बसला एवढे वाक्य वाचकाच्या मनात एकदम उतरते. त्याला पाच विशेषणांचे ओझे दिले की मन अडखळते, हे त्याचे म्हणणे. कथा लिहून झाल्यावर तिचा आरंभ आणि शेवट खोडून टाकावा, कारण लेखक सर्वांत जास्त खोटे तेथेच बोलतो, असे तो म्हणत असल्याची आठवण इव्हान बुनिनने नोंदविली आहे.

१८९१ पासून चेकॉव्हने टिपणवह्या ठेवल्या. त्यांत पूर्ण खर्डे नाहीत. ऐकलेले एखादे आडनाव, एखादा विक्षिप्त स्वभाव, एखाद्या कथेचे दोन ओळींतले बीज, अशा नोंदी आहेत. वापरली गेलेली नोंद तो खोडीत असे. शेवटच्या वर्षांत त्याने न वापरलेल्या नोंदी नव्या वहीत उतरवून घेतल्या, जणू उरलेले काम मोजून पाहावे. १८९८ च्या 'गूजबेरी' या कथेचे बीज या वह्यांत आढळते. स्वतःची जमीन आणि तिच्यात गूजबेरीची झुडपे असावीत, एवढ्या एका स्वप्नासाठी जन्मभर कवडीकवडी साठविणाऱ्या सरकारी नोकराची ही गोष्ट. टिपणात हा माणूस अखेर आपल्या बागेतले आंबट फळ चाखतो, सारा मूर्खपणा झाला असे उद्गारतो आणि मरतो. छापील कथेत हा पश्चात्ताप नाहीसा झाला आहे. तेथे निकोलाय चिम्शा-हिमालायस्की ती आंबट फळे रात्रीसुद्धा उठून उठून खातो आणि ती अतिशय रुचकर असल्याचे सांगतो. तो सुखी आहे. अस्वस्थ होतो तो त्याचा भाऊ, त्याच्याकडून ही हकिकत ऐकणारे मित्र आणि अर्थात वाचक. टिपणातील मरणाने कथा तेथेच मिटली असती. कथेतील सुखाने ती वाचकाच्या घरापर्यंत आणून सोडली.

एवढे पाहिल्यावर पुन्हा १८९९ कडे, याल्टातील त्या नकलांच्या ढिगाकडे यावे. त्या ढिगात 'छोटीशी थट्टा' नावाची कथा होती. १८८६ मध्ये 'स्व्हेर्चोक' या विनोदी साप्ताहिकात ती टोपणनावाने आली होती. हिवाळ्यात बर्फाच्या उतारावरून एक तरुण आणि नाद्या नावाची मुलगी घसरगाडीवर बसून वेगाने खाली येतात. वाऱ्याच्या घोंघावण्यात तरुण तिच्या कानाशी प्रेमाचे दोन शब्द पुटपुटतो. खाली पोचल्यावर तो काही बोललाच नाही असा साळसूद चेहरा करतो. ते शब्द याने उच्चारले की वाऱ्याने, हे नाद्याला कळत नाही. तेवढे जाणण्यासाठी ती भीतीने पांढरी पडूनही पुन्हा पुन्हा त्या उतारावर चढते. १८८६ च्या खर्ड्यात अखेर हे गुपित फुटते, तरुण झुडपाआडून बाहेर येतो आणि कथा लग्नाच्या विनोदावर संपते. साप्ताहिकाला तेवढे पुरेसे होते.

तेरा वर्षांनंतर चेकॉव्हने हा शेवट पुसून टाकला आणि कथेचा सूरच बदलला. नव्या कथेत वसंत येतो, बर्फ वितळते, घसरगाडीचा खेळ संपतो आणि तरुणाला पीटर्सबर्गला जावयाचे असते. निघण्यापूर्वी कुंपणाआडून तो नाद्याला पाहतो आणि वारा सुटताच तेच शब्द शेवटचे पुटपुटतो. मुलीचा चेहरा उजळतो, ती वाऱ्याकडे हात पसरते. तरुण मात्र सामान बांधावयास निघून जातो. हे सारे फार जुने झाले आहे. नाद्याचे दुसऱ्या कोणाशी लग्न झाले, तिला तीन मुले आहेत, तिच्या आयुष्यातील सर्वांत सुंदर आठवण तीच आहे. आणि ती थट्टा आपण का केली, हे आता सांगणाऱ्यालाही उमगत नाही. सव्वीस वर्षांच्या चेखोन्तेला ते शब्द म्हणजे गंमत वाटली होती. रक्त ओकून याल्टाला आलेल्या चेकॉव्हला कळले होते की, असे शब्द हलकेच उच्चारून निघून जाता येत नाही. दोन शेवटांमध्ये लेखकाचे सारे तारुण्य पडून गेले आहे. नवी कथा लिहिण्याऐवजी जुन्या कथा दुरुस्त करण्यात त्याने वेळ दवडला, असे म्हणणाऱ्यांनी ही एक कथा ध्यानात घ्यावी. घाईत, दर ओळीमागे आठ कोपेक घेऊन ज्या वाचकाला त्याने हसविले होते, त्या वाचकाचे देणे तो फेडीत होता.

व्यवहारात मात्र हा सौदा तोट्याचा ठरला. मार्क्स यांनी या कथा आपल्या 'निव्हा' या साप्ताहिकाच्या वर्गणीदारांना पुरवणीदाखल देऊन मोठा लाभ मिळविला. करार रद्द व्हावा म्हणून गॉर्की आणि इतर लेखकमित्रांनी प्रकाशकाला पत्र लिहिण्याचा घाट घातला. चेकॉव्हने तो थांबविला. सही आपणच केली आहे, तेव्हा ती पाळलीच पाहिजे, अशी त्याची भूमिका होती.

१९०१ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरची अभिनेत्री ओल्गा क्निपर हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती रंगभूमीसाठी मॉस्कोत, तो प्रकृतीसाठी याल्टात, असा त्यांचा संसार होता. १९०२ च्या शरदात त्याने 'वधू' ही कथा लिहावयास घेतली. लग्न ठरलेली एक तरुणी ते ऐन वेळी मोडून शिकण्यासाठी घर सोडते, एवढेच तिचे कथानक. तिला हा धीर देणारा साशा क्षयाने आजारी आहे आणि कथा संपण्यापूर्वीच मरतो. चेकॉव्हचे कच्चे खर्डे सहसा मागे उरत नसत. या कथेचा मात्र कच्चा खर्डा, पक्की प्रत आणि दुरुस्त केलेली मुद्रिते उपलब्ध आहेत. अंगात ताकद नव्हती, दिवसाला थोड्याच ओळी होत. तरी पक्की प्रत धाडल्यावर आलेल्या मुद्रितांवर त्याने कथा पुन्हा लिहिली आणि दुसऱ्यांदा आलेल्या मुद्रितांवरही हात फिरवला. छापील कथेत नाद्या (या नायिकेचेही नाव तेच) गाव कायमचे सोडते. पण ते कायमचे असल्याचे तिला वाटते, एवढी जपून केलेली पुस्ती लेखकाने तेथे ठेवली आहे. पात्राच्या आशेला त्याने धक्का लावला नाही आणि स्वतः तिची हमीही घेतली नाही. १९०३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली ही त्याची शेवटची कथा. जुलै १९०४ मध्ये जर्मनीतील बाडेनवायलर येथे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

जाता जाता त्याच्या आयुष्यातील आणखी एक धागा सांगितला पाहिजे. ज्या ग्रंथालयाने दिवाळखोराच्या पोराला आधार दिला, त्या टॅगनरॉगच्या ग्रंथालयाला चेकॉव्ह अखेरपर्यंत पुस्तके पाठवीत राहिला. लेखकमित्रांनी सही करून दिलेल्या प्रतीही त्याने स्वतःकडे ठेवल्या नाहीत. १८९७-९८ चा हिवाळा प्रकृतीसाठी नीस येथे काढताना त्याने फ्रेंच लेखकांचे तीनशेहून अधिक खंड खरेदी करून तिकडे रवाना केले. एकंदर पुस्तके दोन हजारांच्या वर गेली. या देणगीचा बोभाटा होऊ नये, अशी त्याची विनंती असे. त्याच्या मृत्यूनंतर त्या ग्रंथालयाला त्याचे नाव देण्यात आले आणि १९१४ मध्ये त्याला नवी वास्तू मिळाली. तिचा आराखडा करणारे वास्तुशिल्पी शेख्तेल हे, १८८६ च्या 'रंगीबेरंगी कथां'चे मुखपृष्ठ काढणारे त्याचे जुने स्नेही.

इंग्रजी जाणणाऱ्या आपल्याकडील वाचकांना चेकॉव्ह भेटला तो मुख्यतः कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या १९१६ ते १९२२ या काळातील तेरा खंडांतून. रशियात १९७४ ते १९८३ या वर्षांत त्याचे समग्र वाङ्मय तीस खंडांत निघाले. त्यात त्याने नाकारलेल्या कथाही आहेत आणि स्वीकारलेल्या कथांचे जुने पाठही आहेत. जे विसरले जावे म्हणून त्याने बाजूला टाकले होते, ते अशा रीतीने ग्रंथालयांच्या कपाटांत पोचले आहे. त्याला हे रुचले नसते. परंतु त्यामुळेच आज वाचकाला 'छोटीशी थट्टा'चे दोन्ही शेवट शेजारी शेजारी उघडून बसता येते, आणि खोडलेल्या ओळींनीच उरलेल्या ओळींना कसे मोठे केले हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते.